खेळातला शत्रू कोण ठरवतो?

गेल्या पावसाळ्यात भाईंदर पूर्वेच्या एका बुद्धविहारातून आम्हाला बोलावणे आले. विषय ठरवूनच दिला होता, ‘मोबाईल गेमचे दुष्परिणाम’. पालकांची तक्रार अशी की मुले अभ्यास करीत नाहीत, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पडद्यावर माणसे मारीत बसतात, तेव्हा कोणीतरी बाहेरच्या माणसाने येऊन चार शब्द सुनवावेत. आम्हीही तयारी करून गेलो. डोळे बिघडतात, झोप बिघडते, पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन जुगाराने घरे बसली आणि अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला त्याविरुद्ध कायदा करावा लागला, असे सगळे सांगितले. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, हेही सांगितले. मुले मान डोलावीत होती. मुलांची मान डोलावण्याची एक पद्धत असते, तिच्यावरून कळते की आपले बोलणे छपरावरच्या पावसासारखे वाहून चालले आहे.

मग एक मुलगा उठला. त्याचा बाप स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचे काम करतो. तो म्हणाला, “सर, यातला एक तरी गेम तुम्ही खेळलात का?” सभा हसली. आम्ही प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणालो. तेवढ्यात मागून एका मुलीचा आवाज आला. “सर, मारामारी वाईट असं तुम्ही म्हणता. पण कोणाला मारायचं हे कोण ठरवतं, ते नाही सांगितलंत.”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून पुढचा दीड महिना आम्ही स्टेशनजवळच्या एका गेम पार्लरमध्ये, तासाचे पैसे भरून, या मुलांच्या शेजारी बसलो. आमचा अंगठा त्यांच्या अंगठ्याइतका चालत नाही. आमचा नायक भिंतीवर डोके आपटत राही, मग मुले हातातून रिमोट काढून घेत आणि पुढचे दाखवीत. जे पाहिले आणि त्यावर जे वाचले, ते इथे मांडतो.

ज्या वाचकांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पूर्वीच्या व्हिडिओ गेममध्ये डावीकडून उजवीकडे पळायचे, उड्या मारायच्या, एवढेच असे. ओपन वर्ल्ड गेममध्ये एक आख्खे शहर किंवा मुलूख तयार केलेला असतो. कुठेही जा, कोणत्याही गल्लीत शिरा, घोड्यावर बसा, मोटार चालवा, समुद्रात पोहा. स्वातंत्र्य पुष्कळ. पण या स्वातंत्र्याला दोन कुंपणे असतात आणि ती खेळणाऱ्याला दिसत नाहीत. एक, तुम्ही कोण आहात हे आधीच ठरलेले असते. दोन, तुमच्यासमोर जो उभा राहील त्याला मारायचे की त्याच्याशी बोलायचे, हेही आधीच ठरलेले असते. नायकाच्या चेहऱ्यावर, चालीवर, कपड्यांच्या घडीवर कारागीर महिनोन्महिने काम करतात. शत्रू मात्र साच्यातून काढल्यासारखे, एकाला झाकावे आणि दुसऱ्याला काढावे. त्यांना नाव नसते, आई नसते, गाव नसते. ते मेले की थोड्या वेळाने रस्त्यावरून आपोआप नाहीसेही होतात. ज्यांना नाव नाही त्यांना मारताना हात कचरत नाही. ही युक्ती संगणकवाल्यांनी शोधलेली नाही. ती आपल्या देशात फार जुनी आहे.

मीरा-भाईंदरमध्ये नगरपालिकेची महापालिका झाली ती फेब्रुवारी २००२ मध्ये. त्याच वर्षी ‘जीटीए व्हाईस सिटी’ हा गेम निघाला. पुढे स्टेशनाबाहेरच्या सायबर कॅफेंतून तो असा पसरला की तेव्हाची आमच्या भागातली पोरे, जी आज चाळिशीला टेकलेली बापमाणसे आहेत, त्या शहराचे रस्ते भाईंदरच्या रस्त्यांइतकेच ओळखत. निळ्या फुलाफुलांच्या शर्टातला टॉमी व्हर्सेटी हा इटालियन वंशाचा गुंड त्याचा नायक. शहर म्हणजे १९८६ सालचे मायामी, फक्त नाव बदललेले. या गेममध्ये एके ठिकाणी क्यूबन टोळी आणि हैतीची टोळी यांचे वैर आहे. नायक क्यूबनांच्या बाजूने उभा राहतो आणि पडद्यावर हुकूम येतो की हैतीवाल्यांना ठार करा. हुकुमाला एक शिवीही जोडलेली होती.

आमच्या पोरांनी तो हुकूम मुकाट पाळला. हैती म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. शाळेच्या इतिहासात फ्रान्सची राज्यक्रांती पाठ करून घेतली जाते. फ्रान्सच्या वसाहतीतल्या काळ्या गुलामांनी १७९१ साली बंड केले, नेपोलियनच्या फौजेला हरवले आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वतःचे राष्ट्र उभे केले, ते राष्ट्र म्हणजे हैती, हे पाठ करून घेतले जात नाही. गुलामांनी स्वतः लढून जिंकलेले राष्ट्र! ज्या समाजाला ‘गुलामाला तो गुलाम असल्याची जाणीव करून द्या’ हा विचार बाळकडूसारखा मिळाला, त्याच समाजाची पोरे दहा-वीस रुपये तास देऊन, सायबर कॅफेच्या अंधाऱ्या खोलीत बसून, गुलामांच्या वारसांना गोळ्या घालीत होती. यात पोरांचा दोष आम्हाला दिसत नाही. हुकूम लिहिणाऱ्याचा दिसतो, आणि थोडा आमचाही दिसतो, कारण त्या वर्षांत आम्ही त्यांना फक्त ‘अभ्यास करा’ एवढेच सांगत होतो.

हैतीच्या लोकांनी मात्र ऐकून घेतले नाही. २००३ साली न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या हैतीवंशीयांनी या वाक्याविरुद्ध निदर्शने केली, शहराच्या महापौरालाही त्यावर बोलावे लागले, आणि डिसेंबरमध्ये कंपनीने पुढच्या प्रतींतून ते वाक्य काढून टाकण्याचे मान्य केले. हैतीवाल्यांना मारण्याचा प्रसंग गेममध्ये राहिलाच, वाक्य गेले. हा विजय अर्धा होता. तरीही हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. टॅक्सी चालवणारी, घरकाम करणारी माणसे बलाढ्य कंपनीसमोर उभी राहून म्हणाली की तुमच्या करमणुकीतला निनावी शत्रू म्हणजे आम्ही आहोत, आणि आम्हाला नाव आहे.

त्याच कंपनीने २००४ साली ‘सॅन अँड्रियास’ काढला. त्याचा नायक कार्ल जॉन्सन, पोरांच्या तोंडी ‘सीजे’, हा काळा तरुण. आईच्या मयतीला तो गावी परततो आणि विमानतळावरून घरी पोहोचण्याआधीच पोलीस त्याला अडवतात, खिशातले पैसे काढून घेतात आणि वैऱ्यांच्या वस्तीत सोडून देतात. हा प्रसंग पाहताना पार्लरमधले कोणी चकित झाले नाही, ही गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटली. या गेममधली अंगमेहनतीची मांडणी मजेची आहे. जास्त खाल्ले तर सीजे जाड होतो, उपाशी ठेवला तर वाळतो, तालमीत घातला तर दंड भरतात, आणि तीन शहरांतल्या तीन तालमींत त्याला हाताघाईच्या तीन तऱ्हा शिकता येतात. शेवटी शहर पेटते. लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंगला मारहाण करणारे पोलीस १९९२ साली निर्दोष सुटले आणि दंगल उसळली, तिचीच ती नक्कल आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात झालेला गोळीबार ज्यांच्या घरात अजून बोलला जातो, त्यांना हा शेवट समजावून सांगावा लागत नाही. पण सीजेला अखेर गुंडच व्हावे लागते. काळा नायक दिला, पण टोळीतला दिला. आपल्याकडेही पडद्यावर आमचा माणूस येतो तो मार खाणारा म्हणून, नाहीतर दारूच्या गुत्त्यावरचा म्हणून. शिकलेला, चष्मा लावलेला, घर चालवणारा असा तो क्वचित दिसतो.

मग मुलांनी आम्हाला २०१३ सालचा ‘फ्रीडम क्राय’ दाखवला, आणि इथे आम्ही खुर्ची पुढे ओढून बसलो.

‘असॅसिन्स क्रीड’ या मालिकेतला हा छोटा गेम. नायक आदेवाले, त्रिनिदादमध्ये गुलाम म्हणून जन्मलेला, आता मुक्त झालेला खलाशी. काळ १७३५ च्या सुमाराचा आणि जागा तीच, फ्रेंचांच्या ताब्यातले हैती. म्हणजे व्हाईस सिटीत ज्यांना निनावी मारले, त्यांचे पणजोबा या गेममध्ये नाव घेऊन उभे आहेत. या मालिकेतले नायक एरवी मनगटात लपवलेल्या सुरीने, नाही तर सफाईदार तलवारीने लढतात. आदेवालेच्या हातात दिला आहे तो कोयता. लांब, रुंद पात्याचा. त्याचा वारही तलवारीसारखा नाजूक नाही, तो खांद्यातून येतो, उसाच्या बुडख्यावर बसावा तसा बसतो. ज्या कारागिराने हे ठरवले त्याला आम्ही मानतो. कारण हैतीचा मळा उसाचा होता आणि गुलामाच्या हातात मालकाने दिलेले अवजार हेच होते. मालकाने राबण्यासाठी दिलेले अवजार गुलामाने लढण्यासाठी उचलले, एवढी मोठी गोष्ट एका हत्याराच्या निवडीत सांगून झाली आहे. यावर संवाद लिहावा लागला नाही.

आमच्या शेजारी बसलेल्या एका मुलाचे आजी-आजोबा बीडकडचे, ऊसतोडीला जाणारे. तो म्हणाला, “सर, आमच्याकडे माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात.” वाचकांपैकी मराठवाड्यातल्यांना हे ठाऊक आहे. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम ‘एक कोयता’ म्हणतो. दोन जिवांची मिळून एक संख्या, आणि तीही अवजाराच्या नावाने. शहरातल्या वर्तमानपत्रांत ‘कोयता गँग’ हा शब्द रुळला. कोयता म्हटले की गुन्हेगार आठवावा, पण वर्षातले सहा-सहा महिने त्याच कोयत्याने साखर पिकवणारी जोडी आठवू नये, याला काय म्हणावे? उद्या मराठवाड्याचा ओपन वर्ल्ड कोणी उभा केला, तर हा कोयता तो नायकाच्या हातात देईल की झुडपामागून येणाऱ्या निनावी गुंडाच्या? याचे उत्तर गेम बनवणाऱ्या खोलीत कोण बसले आहे, यावर अवलंबून राहील.

‘फ्रीडम क्राय’मध्ये आम्हाला खटकलेलेही आहे. मळ्यावरचे गुलाम मुक्त केले की आकडा वाढतो, आणि ठरावीक आकडा गाठला की नायकाला चांगले हत्यार किंवा सामान मिळते. माणसे सोडवायची ती माणसे म्हणून, की बक्षिसासाठी? मुलगा आकड्याकडे बघत खेळत होता, चेहऱ्यांकडे नाही. मुकादमाचीच मोजणी झाली ही. पण त्याच गेममध्ये दुसरीकडे एक नियम असा आहे की मळ्यात तुमची चाहूल लागली आणि घंटा वाजली, तर पहारेकरी तुमच्याशी लढण्याबरोबर गुलामांनाही मारू लागतात. म्हणजे उतावळ्या शौर्याची किंमत नायक भरत नाही, वस्ती भरते. हे ज्याने लिहिले त्याला चळवळ कळलेली आहे. खैरलांजीनंतर, रमाबाई नगरानंतर कोणाच्या घरांवर लाठ्या पडल्या ते आठवा.

‘वॉच डॉग्स २’ हा २०१६ चा. त्याच्याविषयी थोडक्यातच सांगतो, खरे तर त्यावर वेगळा लेख व्हावा. नायक मार्कस हॉलोवे, ऑकलंडचा काळा तरुण. ऑकलंड म्हणजे १९६६ साली जिथे ब्लॅक पँथर उभी राहिली ते शहर, जिच्यावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतले. शहरावर नजर ठेवणारा एक संगणक मार्कसला न केलेल्या गुन्ह्याचा संशयित ठरवतो आणि तिथून गोष्ट सुरू होते. माणसाने काही करण्याआधीच यंत्राच्या वहीत तो गुन्हेगार! आपल्याकडे यासाठी संगणकाची वाट पाहावी लागली नाही. १८७१ च्या कायद्याने पारध्यांसारख्या आख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार म्हणून नोंदल्या. कायदा १९५२ साली गेला, नोंद मात्र लोकांच्या डोक्यातून गेली नाही. मार्कसचे खरे हत्यार लॅपटॉप आणि दोरीला बांधलेला बिलियर्डचा गोळा. एकही माणूस न मारता बराचसा गेम पार करता येतो. तरी बनवणाऱ्यांनी त्याच्या हातात बंदुकाही दिल्याच. बंदूक त्या पोराच्या स्वभावात बसत नाही, आणि हे तिकडच्या समीक्षकांनीही म्हटले. याच गेममध्ये एका मोठ्या संगणक कंपनीच्या आवारातून चालताना दोघे काळे तरुण, इथे आपल्यासारखे किती थोडे आहेत, यावर आपसात बोलतात. २०२० साली कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने सिस्को कंपनीवर दलित अभियंत्याशी जातिभेद केल्याचा दावा लावला, तेव्हा आमच्या समाजातले अनेक अभियंते असेच दबक्या आवाजात बोलले होते.

आता आपल्या देशाकडे येऊ. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आहे, रॉकस्टारचा बेंगळुरूमध्ये आहे. परदेशी गेममधली हत्यारे, गाड्या, भिंती, चेहरे घडवण्यात इथल्या हातांचा मोठा वाटा आहे. हात आपले, गोष्ट त्यांची. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स या छोट्या कंपनीने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम काढला. तो ओपन वर्ल्ड नाही, पण आपल्या मातीतला म्हणून त्याचे नाव झाले, आणि चित्रकाम खरोखर देखणे आहे. नायिका राजी ही कसरती करून पोट भरणारी अनाथ मुलगी. तिची लढाईही कसरतीची, खांबावर चढून, भिंतीवर पाय देऊन उडी घेण्याची. आम्ही लहानपणी दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची मुलगी पाहिली आहे, ती इथे नायिका झालेली पाहून बरे वाटले. पण तिच्या हाती हत्यार येते ते देवीने दिलेले त्रिशूळ, आणि तिची कथा सांगतात ते देव. पिढ्यान्पिढ्या दोरीवर तोल सांभाळून कमावलेले कसब तिचे स्वतःचे, श्रेय मात्र वरदानाचे! परदेशातला गुलाम स्वतःच्या कोयत्याने लढतो आणि आमची डोंबारीण देवीच्या कृपेने. हा फरक कारागिरीचा नाही, डोक्यात बसलेल्या व्यवस्थेचा आहे.

२०२० मध्येच मुंबईतल्या गेमऑन कंपनीने ‘मुंबई गलीज’ या नावाने मुंबईचा ओपन वर्ल्ड जाहीर केला. आमच्या पोरांत त्याची मोठी चर्चा झाली. कल्पना चांगलीच आहे. आमचे म्हणणे एवढेच की मुंबईचा नकाशा जो कोणी काढेल त्याने सी-लिंक आणि गेटवे काढून थांबू नये. दादरला राजगृह आहे, तिथे एका माणसाने पुस्तकांसाठी घर बांधले. सहा डिसेंबरला शिवाजी पार्क ते चैत्यभूमी हा रस्ता माणसांनी आणि पुस्तकांच्या दुकानांनी भरतो. त्या दिवशीची ती गर्दी गेममध्ये कशी दिसेल? चालताना धक्का लागला की शिवी देणारी निनावी गर्दी म्हणून, की नांदेडहून रात्रभर उभ्याने आलेली, हातात पांढरे फूल घेतलेली आजी म्हणून? आणि या शहरांतला मैला ज्यांच्या जिवावर वाहतो, त्या गटारात उतरणाऱ्या माणसाला कोणी चेहरा देणार का?

पार्लरमध्ये ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला होता ती शनिवारी येई, भावाला सोबत घेऊन. प्लेस्टेशन ५ भारतात आले तेव्हा त्याची किंमत जवळजवळ पन्नास हजार रुपये होती, तिच्या घरी ते कुठून असणार? तासाला पैसे देऊन ती एकच गेम खेळे, ‘होरायझन झीरो डॉन’, २०१७ चा. आम्ही विचारले, हाच का? ती म्हणाली, “हिच्याशी गावात कोणी बोलत नाही ना, म्हणून.”

एलॉय ही त्या गेमची नायिका. तान्ही असल्यापासून टोळीबाहेर टाकलेली. टोळीतल्या कोणी तिच्याशी बोलायचे नाही असा नियम. सुरुवातीच्या प्रसंगात लहान एलॉय इतर मुलांजवळ जाते आणि बाई आपली मुले ओढून नेते. गेममध्ये तिच्यासाठी जो इंग्रजी शब्द आहे त्याला मराठीत एकच शब्द आहे, बहिष्कृत. बाबासाहेबांनी १९२७ साली आपल्या पत्राच्या नावातच तो शब्द ठेवला होता. मुलीच्या आईने तिला गावच्या आडाच्या गोष्टी सांगितल्या आहेत, त्यामुळे तिला हा प्रसंग समजायला टीप लागली नाही. एलॉयला एका जुन्या भुयारात ज्ञान देणारे यंत्र सापडते आणि त्यानंतरची तिची सगळी लढाई अभ्यासाची आहे. समोरचा यांत्रिक प्राणी तिच्यापेक्षा दसपट मोठा, पण कुठला सांधा कच्चा, कुठल्या भागात आग धरते, हे आधी पाहायचे आणि मग नेमका बाण मारायचा. नुसते बटण बडवणारा तिथे दोन मिनिटांत मरतो. आम्ही अनेकदा मेलो. पुढे तीच टोळी तिला देवी मानून पाया पडू लागते, आणि एलॉय संतापते. मला पुजू नका म्हणते. कालपर्यंत जिची सावली नको होती तिच्या आज आरत्या! २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल जो इशारा दिला होता तो आम्हाला तिथे पार्लरच्या खुर्चीत आठवला, आणि आमच्याच जयंतीच्या मंडपांतले काही देखावेही आठवले. असो. या गेममध्येही उणे आहे. नायिका गोरीच आहे, आणि तिच्या टोळीच्या राहणीत अमेरिकेतल्या आदिवासींच्या गोष्टी न विचारता उचलल्या आहेत, अशी टीका तिथल्या आदिवासी लेखिकेने केली. ती टीका आम्हाला रास्त वाटते.

शेवटच्या शनिवारी मुलांनीच विषय काढला की आपला गेम करायचा तर कोणता. भीमा कोरेगाव, हे उत्तर एकमुखाने आले. १ जानेवारी १८१८, लढाई आहे, हत्यारे आहेत, विजय आहे, आणि विजयस्तंभावर कोरलेली बावीस महार नावे आहेत. म्हणजे नायकांना चेहरा देण्याची सोय शंभर टक्के. आम्हीही भारावून गेलो. मग आम्हाला इतिहास आठवला. त्या दिवशी पेशव्यांच्या बाजूने गावावर चालून आलेल्या पायदळात मोठा भरणा अरबांचा होता. पडद्यावर खेळणाऱ्यासमोर एकामागून एक येऊन पडणारे, एकाच साच्यातले, निनावी शत्रू कोण असतील? दाढीवाले अरब. आणि हा गेम खेळला जाणार मीरा-भाईंदरच्या या पार्लरमध्ये, जिथे शेजारच्या खुर्चीवर नयानगरचा मुलगा बसतो, आमच्या पोरांबरोबर एकाच बाटलीतले पाणी पितो. जानेवारी २०२४ मध्ये इथे काय झाले आणि त्यानंतर बुलडोझर कुठे फिरला, ते मीरा रोडकरांना सांगायला नको. व्यवस्था पेशवाईची, आणि गोळी खाणारा मात्र भाडोत्री शिपाई. व्हाईस सिटीत आमच्या पोरांकडून जे करवून घेतले, तेच आम्ही दुसऱ्याकडून करवून घेणार का? पोरे गप्प झाली. नयानगरचा मुलगा हसून म्हणाला, “सर, मैं पेशवा के साइड से खेल लेगा, टेन्शन मत लो.” सगळे हसले, पण प्रश्न हसण्यावारी गेला नाही.

तेव्हा त्या मुलीने वही उघडली. तिने चित्र काढले होते. तलावाच्या पायऱ्या, एक नऊवारीतली बाई, हात रिकामे, ओंजळ केलेली. “महाड,” ती म्हणाली. २० मार्च १९२७. तिचे म्हणणे असे की खेळणाऱ्याने बाई घेऊन चालत तळ्यापर्यंत जायचे, पाणी प्यायचे, आणि परतताना गावगुंड मारायला येतात तेव्हा सोबतच्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना वाचवत बाहेर काढायचे. मारायचे बटणच द्यायचे नाही. आम्ही तिला सांगितले की त्या दिवशी सभेला फौजेतून निवृत्त झालेले कितीतरी लोक होते, त्यांच्या मनगटात जोर होता, उलटून मारायची त्यांची तयारीही होती, बाबासाहेबांनी त्यांना आवरले. “मग बटण ठेवू,” ती म्हणाली, “पण दाबलं तर गेम हरला.”

पॉलिशवाल्याच्या मुलाला हे अजिबात पटले नाही. बटण आहे आणि दाबायचे नाही, असला गेम पैसे देऊन कोण खेळेल, असे त्याचे म्हणणे. ती म्हणाली, दाबावंसं वाटलं पाहिजे आणि दाबता येऊ नये, तोच तर गेम. तो म्हणाला, तो गेम आपण रोज खेळतोच की, त्याला पार्लरला कशाला यायचं. त्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने पेन्सिलीने बाईच्या मागे आणखी दोन माणसे काढली, फौजी टोप्या घातलेली, मुठी आवळलेली, आणि त्याला विचारले की यातला तू कोण होशील.

मुंबईत पेडर रोडला केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन आणि गेमिंग शिकवणारी मोठी संस्था सुरू केली आहे. बार्टीने स्पर्धा परीक्षांच्या वर्गांइतकीच मेहनत या शिक्षणासाठीही घ्यावी, शिष्यवृत्ती द्यावी, भाईंदरहून पेडर रोडपर्यंतचा लोकलचा पासही द्यावा, ही आमची मागणी आहे आणि ती आम्ही लेखी पाठवली आहे. विहाराच्या समितीने मुलीच्या वहीसाठी वर्गणी काढून एक जुना संगणक घ्यायचे ठरवले आहे. पालकांपैकी दोघांचा अजून विरोध आहे. त्यांच्याशी बोलायला आम्ही येत्या रविवारी पुन्हा जात आहोत, या वेळी विषय आम्ही दिलेला आहे.